न वाचता दिलेले बदाम

३ मार्च, मंगळवार

धाकटे,

अकरा वर्षांनी माझं पत्र बघून पहिल्यांदा तुझ्या मनात येईल, कोण गेलं? कोणी गेलेलं नाही. माझा डावा गुडघा तेवढा गेला, त्याच्या जागी नवा बसवलाय. आणि अक्षर सुरेख दिसतंय म्हणून मी म्हातारपणी शिकले असंही समजू नकोस. सांगते मी आणि लिहिते माझी नात. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, संध्याकाळी सहाला घरी येते, तोवर मी एकटी.

डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे खुर्चीत बसा. म्हटलं, चाळीस वर्षं स्टुलावर बसून दुनियेची पुस्तकं शिवली, तेव्हा कोणी खुर्ची दिली नाही. आता खुर्ची आहे तर शिवायला काही नाही. ते हसले. मला वाटलं बिलात सूट देतील, पण नुसतेच हसले.

तर मी दिवसभर फोन बघते. दोन वर्षं झाली नातीनं तिचा जुना फोन मला देऊन. आधी सकाळी थोडा वेळ बघायचे, आता दिवसभर. संध्याकाळी ती आली की काय काय बघितलं ते सांगायला बसते. परवा ती म्हणाली, "आजी, दिवसभर लोक मला हे दिसतं, हे दिसत नाही एवढंच सांगत असतात. घरी आले की तूही तेच. दुसरं कोणीतरी गाठ."

मग मी विचार केला, मधे न बोलता कोण ऐकेल? अकरा वर्षं जी माझ्याशी बोललेली नाही तिच्याइतकी गरीब श्रोती मला कुठे मिळणार?

ऐक. मी कोणाकोणाला फॉलो करते ते सांगते. मला नावं वाचता येत नाहीत, पण प्रत्येकाच्या व्हिडिओला एक छोटा गोल असतो, त्यात चित्र असतं. मी गोलावरून माणसं ओळखते. आवडलं की बदाम दाबायचा, तो लाल होतो. एवढीच विद्या. तेवढ्यात माझं छान चाललंय.

पहिला माझा गालिचेवाला. त्याच्याकडे येणारे गालिचे असे असतात की तू दारात पायपुसणं म्हणूनसुद्धा ठेवणार नाहीस. तो पाणी मारतो, फेस करतो, आणि एका लांब पट्टीनं ते पाणी ओढत नेतो. आधी काळं, मग चहासारखं, मग पातळ चहासारखं. मग एक क्षण येतो, धाकटे, की पाणी पाण्यासारखं निघतं आणि खाली एक निळं फूल दिसतं. ते फूल तिथं आहे हे घरच्यांनासुद्धा माहीत नसणार. तो माणूस तोंडातून अवाक्षर काढत नाही. दुसऱ्याची घाण निघताना बघावी आणि तीही फुकट, याच्यासारखं सुख नाही.

दुसरी क्रेनवाली. मोठमोठ्या इमारती बांधतात ना, त्या उंच क्रेनच्या टोकावर काचेची खोली असते, तिच्यात बसते. माझ्या मुलीच्या वयाची असेल. रोज सकाळी शिडी चढताना फोन छातीला बांधते, म्हणजे आपल्याला तिचे हात आणि पायऱ्या दिसतात. ती एक पायरी चढली की मी एकदा गुडघा वाकवते. तिच्या दीडशे पायऱ्या, माझे साठ झाले की मी तिला म्हणते, तू हो पुढे. व्यायाम घ्यायला येते ती मुलगी म्हणाली, "आजी, तुमची प्रगती फार चांगली आहे." तिला काय सांगू, मी रोज क्रेनवर जाते म्हणून! आणि वर गेल्यावर ती बाई काय करते? वारा जास्त असेल तर काम बंद ठेवतात. मग ती तिथं बसून मोजे विणते. खोली हलतेय, खाली माणसं मुंग्यांएवढी, आणि हिचे टाके मोजणं चाललंय. मला अशी माणसं आवडतात.

तिसरं एक जोडपं. भिंतींना कागद लावतात. तो ताडमाड, ती त्याच्या कोपराएवढी. त्यांची भाषा मला कळत नाही, पण भांडण सगळं कळतं. "डावीकडे ओढ." "ओढलंय." "ते ओढलेलं आहे का?" कागद चिकटवायची त्याची खळ मात्र बघण्यासारखी असते. घट्ट, मऊ, एक गुठळी नाही. अशी खळ करणाऱ्या माणसाचा संसार मोडत नाही, असं मी नातीला सांगितलं. ती म्हणाली, लग्न ठरवताना विचारेन.

चौथं एक गाढव आहे. म्हातारं. फाटक उघडं असतं, पलीकडे गवत असतं, पण दुसरं गाढव आधी गेल्याशिवाय हे पाऊल टाकत नाही. तासन् तास उभं. त्याला बघितलं की मला तुझी आठवण येते. तुला वाटेल मी तुला गाढव म्हणते. मी काही म्हटलेलं नाही, हे नातीनं लिहिलंय.

आणखी एक आहे. पण ते सांगत नाही. नात विचारते, "कोणतं गं?" तू लिहायचं काम कर.

उत्तराची घाई नाही. मी खुर्चीतच आहे.

तुझी थोरली


९ मार्च, सोमवार

धाकटे,

उत्तर आलं नाही. टपाल हल्ली गोगलगाईच्या पाठीवरून नेतात असं नात म्हणते. मी म्हटलं, उत्तर न देणं हे आमच्या घराण्यातच आहे, उगाच गोगलगाईला दोष नको.

तर तो पाचवा गोल. नातीनं आठवडाभर डोकं खाल्लं म्हणून सांगते.

एक बाई आहे, जुनी पुस्तकं दुरुस्त करते. कोण ते मला माहीत नाही. चेहरा दाखवत नाही, बोलत नाही. दोन हात, टेबलाचा तुकडा आणि डावीकडून येणारा खिडकीचा उजेड, बस. रोज सकाळी सहाच्या सुमाराला एक व्हिडिओ टाकते. दोन वर्षांत मी एक चुकवलेला नाही. पहिला बदाम बहुतेक वेळा माझाच असतो. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा मला न्यायला आले तेव्हा म्हटलं, थांबा, एक काम आहे.

मला का आवडते ते सांगते. गालिचेवाला सगळं नवं करून देतो. ही बाई तसं करत नाही. पुस्तकावर चहाचा डाग असेल तर डाग ठेवते. कोणी लहानपणी पानावर घोडा काढला असेल तर घोडा ठेवते. पाठीवरचा जुना सरस ओला करते आणि थांबते. किती थांबते! दुसरा कोणी ओरबाडेल, ही हात मांडीवर ठेवून बसते, जसं काही पुस्तकच सांगणार आहे, आता काढ. मग एकेक फर्मा सुटा करते आणि नव्यानं शिवते. दोरा ओढताना तिची करंगळी बाजूला उभी राहते, जशी काही मोठ्या घरी चहाला गेलीये.

एवढं खरं, की तिची खळ पातळ आहे. पाण्यासारखी. पुठ्ठा चार वर्षांत सुटेल. तुला ती बाई कुठे भेटली तर सांग, म्हणावं एका जाणत्या म्हातारीनं सांगितलंय. शिकवलं चांगल्या माणसानं असणार, पण शिकणारीनं खळीच्या दिवशी दांडी मारलेली दिसते.

नात विचारते, फर्मा म्हणजे काय. अगं, छापलेला मोठा कागद येतो, त्याला घड्या घातल्या की सोळा पानं होतात, तो फर्मा. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक. क्रम चुकू नये म्हणून घडीच्या पाठीवर काळी खूण छापलेली असते. मी त्या खुणांवर चाळीस वर्षं काढली. एक अक्षर न ओळखता हजारो पुस्तकं बरोबर लावली.

त्या बाईचे हात बघून मला आपण दोघी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होतो तेव्हाची ती तीनशे पुस्तकं आठवतात. शाळेचा मोठा सोहळा होता, त्यासाठीचं पुस्तक. तळ्याच्या चित्राचा फर्मा त्याच्यात उलटा शिवला गेला. तीनशेच्या तीनशे. नात लेखणी थांबवून विचारते, "कोणी शिवला?" शिवला गेला, असंच लिही. गठ्ठा जसा आला तसा शिवला गेला. मी तेव्हाही मालकांना हेच सांगितलं.

गठ्ठे लावून द्यायचं काम तुझं, म्हणून मालक तुला बोलले. तू भांडायला हवं होतंस. भांडली नाहीस. टेबल आवरलंस, सुया कागदात गुंडाळल्यास, आणि दारातून सगळ्या कारखान्यासमोर म्हणालीस, "ताईला अक्षर उलटं की सुलटं ते कळत नाही, तिला काय विचारता?" चौदा माणसं हसली. मी मोजली. पुढच्या महिन्यात तू दुसऱ्या शहरात गेलीस ते गेलीस.

असो. जुनं उकरायला हे पत्र नाही. अकाउंटबद्दल चाललं होतं. नात म्हणते, उद्या मला त्या बाईचं अकाउंट दाखव. दाखवीन. दोन हातांत बघण्यासारखं काय असतं ते तिला काय कळणार!

तुझी थोरली


११ मार्च, बुधवार

धाकटे, अगं ए धाकटे,

माझं डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा आज पत्र नीट होणार नाही.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर मी नातीला तुझं अकाउंट दाखवलं. हो, तुझं. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. ती करंगळी मी सात वर्षांच्या मुलीच्या हातावर बघितलीये, मला कोण फसवणार? नातीनं व्हिडिओ बघितला, मग अंगठ्यानं खाली काहीतरी सरकवलं. मग म्हणाली, "आजी, तू हे खालचं वाचलंस?"

म्हटलं, "मी वाचते होय?"

"आजी, प्रत्येक व्हिडिओखाली लिहिलंय. तुला लिहिलंय."

मला वाटत होतं, ते खालचं म्हणजे दुकानाची पाटी असते तसं काहीतरी. सगळ्यांच्याच खाली असतं. मी कधी बोट लावलं नाही.

तिनं पहिल्यापासून वाचायला घेतलं. माझ्या गोलात माझ्या हाताचा फोटो आहे, तुझ्या ओळखीचा हात, नातीनंच लावला होता, कप धरलेला. तू तो बघितलास आणि लिहिलंस, "ताई, तू आहेस का? असशील तर बदाम दे." आणि मी दिला! न वाचता. व्हिडिओ आवडला म्हणून. म्हणजे तुला वाटलं, घरचं कोणीतरी मला वाचून दाखवतंय.

मग तू विचारत गेलीस आणि मी बदाम देत गेले. नात वाचत होती आणि मी कपाळाला हात लावून बसले होते.

"ताई, ही गाठ तुझीच ना?" बदाम. बरोबर आहे.

"ताई, थंडीत बोटं दुखतात का?" बदाम. तेही बरोबर.

"ताई, माझी खळ आता जमते ना?" बदाम. हा मी परत घेते.

"ताई, अजून रागावली आहेस?" बदाम!

"मी आलेलं आवडणार नाही ना तुला?" बदाम!

"त्या दिवशी दारात जे बोलले ते विसरता येणार नाही, हो ना?" बदाम! अगं, त्या दिवशी तू चामड्याच्या पाठीचं जाडजूड पुस्तक केलं होतंस, काय सुंदर झालं होतं, मी बदाम दोनदा दाबायला गेले तर तो पुसला गेला, म्हणून परत दाबला. तुला काय वाटलं असेल! ताई विचार करून करून हो म्हणतेय!

नात आधी हसत होती. हसत हसत खुर्चीवरून पडायची राहिली. मग काल सकाळच्या शेवटच्या व्हिडिओपाशी आली आणि तिचं हसू गेलं.

"ताई, दोन वर्षं तू रोज येतेस आणि रोज नाही म्हणतेस. आता मीच थांबते. रविवारी हे अकाउंट बंद करते. चालेल ना तुला?"

आणि खाली पहिला बदाम कोणाचा?

नात म्हणते, फोन कर. तुझा पत्ता तेवढा माझ्याकडे आहे; नंबर तू बदललास, तो कोणाकडे आहे? खासगी निरोप पाठवायची सोय तू बंद ठेवलीस. हे पत्र निघेल, पण गोगलगाय. रविवारच्या आत पोचायचं नाही. नात म्हणते, एकच वाट उरली, तिथं सगळ्यांसमोर कमेंट लिहायची. म्हटलं, आपलं घरचं धुणं तुला फॉलो करणाऱ्या चारशे माणसांसमोर वाळत घालू? ती म्हणाली, मग राहू दे ओलं.

ही पोरगी कोणावर गेली कोण जाणे.

मला झोप येणार नाही असं वाटलं होतं, पण आली. सकाळी सहाला उठून गोल दाबला. आज तू व्हिडिओ टाकलेला नाहीस.

थोरली


१४ मार्च, शनिवार

धाकटे,

काय केलं ते सांगते. कदाचित तू आधीच बघितलं असशील. बघितलं असशील आणि गप्प असशील तर तेही कळलं.

गुरुवारी नातीनं दुकानातून सुट्टी घेतली. मी कपाटातून ते पुस्तक काढायला लावलं. त्या तीनशेमधलं एक मी ठेवलं होतं, कोणाला माहीत नव्हतं. नातीलाही नाही. ती म्हणाली, "आजी, हे उलटं आहे." म्हटलं, "शाब्बास, चष्म्याच्या दुकानाचा उपयोग झाला."

मी टेबलाशी बसले, तिनं फोन वरून धरला. पहिल्यांदा तिचाच अंगठा आला. दुसऱ्यांदा मीच मधे विचारलं, "झालं का?" तिसऱ्यांदा माझे हात इतके कापायला लागले की चित्रात तळ्याला लाटा आल्या. मग तिनं मला चहा दिला. चौथ्यांदा जमलं.

मी काय केलं ते शब्दांत नाही. तळ्याचं पान उघडलं. पुस्तक सरळ धरलं की तळं उलटं. मग पुस्तक फिरवलं, तळं सुलटं झालं. मग माझं बोट माझ्याकडे केलं. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे. ते तुला कळेल. नाही कळलं तर तू माझ्यापेक्षा मठ्ठ आहेस.

पण तो व्हिडिओ माझ्या अकाउंटवर. तिथं कुत्रं फिरकत नाही. तू तिथं यावंस म्हणून तुझ्या व्हिडिओखाली लिहायलाच हवं होतं. नातीनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. "माझ्या आजीला वाचता येत नाही. तिनं तुमचा एकही प्रश्न वाचलेला नाही, तिचे बदाम फक्त तुमच्या हातांना होते. तुमचं उत्तर तिच्या अकाउंटवर आहे."

म्हटलं, पहिलं वाक्य काढ.

"आजी, ते काढलं तर पुढच्याला अर्थच नाही."

म्हटलं, आजीचे डोळे अधू आहेत असं लिही.

"मी चष्म्याच्या दुकानात आहे. खोटा नंबर देत नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढी वर्षं झाकली. बँकेत सुद्धा हात दुखतोय म्हणून दुसऱ्याकडून लिहून घेते. शेजारणीला वाटतं मी पेपर वाचते, कारण मी तो मागून घेते. आणि आता चारशे माणसं. कारखान्यात नुसती चौदा हसली तर अकरा वर्षं गेली.

मग म्हटलं, दे इकडे. बटण कुठलं? आणि मीच दाबलं.

दोन दिवस झाले. तुझ्याकडे पुस्तकं बघायला येणारी एकतीस माणसं माझ्या अकाउंटवर येऊन काय काय लिहून गेलीत. नात सगळं वाचते, मी आता तिला एक अक्षर सोडू देत नाही. कोणी लिहिलंय, माझ्या वडिलांनाही येत नव्हतं, ते पत्र छातीशी धरून बसायचे. कोणी लिहिलंय, आजी, हात किती सुंदर. एकानं विचारलंय, दोरा कुठला वापरता. हसलं कोणीच नाही. मला जरा चुकल्यासारखंच झालं.

तुझं काही नाही.

आज गालिचेवाला बघितला नाही. क्रेनवालीबरोबर चढले, पण वीसच पायऱ्या. दर तासाला तुझा गोल दाबते. अजून आहे. उद्या रविवार.

हे पत्र मी टाकणार आहे की नाही ते मला माहीत नाही. पोरी, तू लिही गं, लिहून ठेव.

थोरली


२२ मार्च, रविवार

धाकटे,

हे पत्र तूच लिहिते आहेस, तेव्हा मी सांगेन तेवढंच लिही, सुधारत बसू नकोस. आणि असं तोंड करू नकोस. नात गुरुवारच्या सुट्टीची भरपाई म्हणून आज रविवारीही दुकानात गेलीये, दुसरं कोण लिहिणार?

("स्वतःलाच पत्र लिहायला लावणारी जगात तूच एक असशील," असं मी म्हटलं. — धाकटी)

हे मधे घुसवायला कोणी सांगितलं? बरं, राहू दे.

मागच्या रविवारी दुपारी बेल वाजली. मला उठायला वेळ लागतो, तोवर तीनदा वाजली. दार उघडलं तर तू. केस पांढरे, खांद्याला पिशवी, आणि अकरा वर्षांनी थोरल्या बहिणीला पहिलं वाक्य काय, तर "खळ पातळ?"

माझी पहिली दोन्ही पत्रं तुला शनिवारी एकदम मिळाली होती. व्हिडिओ तू बघितलाच नव्हतास. अकाउंटकडे बघायचं नाही म्हणून फोन बंद करून खणात टाकला होतास. मी इकडे चारशे माणसांपुढे मूठ उघडली, रडले, हात कापले, आणि तू आलीस ती खळीच्या रागानं! पिशवीतून बरणी काढलीस, झाकण उघडलंस आणि दारातच म्हणालीस, "घाल बोट. घाल! कुठे पातळ आहे?"

मी बोट घातलं.

जरा पातळच होती.

(नव्हती. — धाकटी)

मग आत आलीस. नातीनं तुझ्या हातात फोन दिला आणि तो व्हिडिओ लावला. मी म्हटलं, मी बाहेर जाते, पण या गुडघ्यावर बाहेर जाईपर्यंत तो संपला असता. तू चारदा बघितलास. उठून कपबशा धुतल्यास, आमच्या स्वच्छ असलेल्या कपबशा. मी समजले.

हा आठवडा कसा गेला ते कळलं नाही. तू आता मला सगळ्यांच्या खालचं, परक्या भाषेतलं असलं तर फोनकडून मराठी करून, वाचून दाखवतेस, आणि माझं जगच बदललं. गालिचेवाला म्हणे दर गालिच्याखाली लिहितो, तो कोणाच्या घरचा, कोणत्या खोलीतला. क्रेनवाली मोजे विणते ते क्रेनच्या खाली उभ्या असणाऱ्या माणसांसाठी, त्यांचे पाय गारठतात म्हणून. आणि ते कागद लावणारं जोडपं बहीणभाऊ निघालं! इतके दिवस मी त्यांचा संसार सांभाळला! तू एवढी हसलीस की शेजारीण बघायला आली. तू फॉलो करतेस तो म्हातारा मात्र मला अजून पटलेला नाही. रोज बागेतला एकच बाक दाखवतो, त्यावर कोण बसलं ते. काल एक छत्री बसली होती. त्यात काय बघायचं? तू म्हणतेस, रोज बघ, मग कळेल. बघते. तुझ्यासाठी.

तुझं अकाउंट चालूच आहे. काल आपण दोघींनी मिळून एक व्हिडिओ टाकला, चार हातांचा. माझी खळ, तुझी शिलाई. खाली काय लिहायचं म्हणून भांडलो आणि काहीच लिहिलं नाही.

उद्या सकाळी तू जाणार. महिन्याभरात परत येणार म्हणतेस, बघू. पण त्याआधी एक गोष्ट आहे. तू ती विचारलेली नाहीस आणि मी सांगितलेली नाही. व्हिडिओत मी बोट दाखवलं. बोटानं दाखवणं वेगळं आणि तोंडानं म्हणणं वेगळं. समोरासमोर माझ्यानं होत नाही, तू मधेच "जाऊ दे ताई" म्हणशील आणि मी लगेच जाऊ देईन. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. म्हणून सांगते. लिही.

त्या फर्म्यावर काळी खूण छापायची राहिली होती. दुसरी कोणी असती तर अक्षर बघून लावलं असतं. मी चित्र बघितलं. तळं, वर झाडं, खाली झाडं, पाणी इतकं स्थिर की दोन्हीकडची सारखीच. तू गठ्ठा सुलटा दिला होतास. मला वाटलं उलटा आहे. मी तो फिरवला. पाण्यातली झाडं मला खरी वाटली.

मालक आले तेव्हा मला कळून चुकलं होतं. म्हणता आलं असतं, माझं चुकलं, मला वाचता येत नाही. कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मी ते कधी तोंडानं म्हटलेलं नव्हतं. ते म्हणण्याऐवजी मी म्हटलं, धाकटीनं दिला तसा शिवला. मी खोटं बोलले. तुझ्यावर ढकललं. तू दारात जे बोललीस ते मी अकरा वर्षं जपून ठेवलं, कारण ते जपलं की माझं मला बघावं लागत नव्हतं.

थांबलीस का? लिही. मला लेखणीचा आवाज ऐकू येतो, थांबली की कळतं.

माझं चुकलं, धाकटे.

झालं. आता हे घडी करून पिशवीत टाकू नकोस. आधी मोठ्यानं वाच. मी काय म्हणाले ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

तुझी थोरली

(वाचलं. पहिल्यापासून, तिच्या शेजारी बसून. वाचताना "मी खोटं बोलले" हे वाक्य मी हळूच गाळलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, तिला काय कळणार. पुढची ओळ संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "मधलं एक राहिलं. परत वाच." — धाकटी)